तैलंगांचा गाऊन

“गाऊन ओढायचा, बाही नाही. तोही एकदाच. आणि मान खाली घालून एकच वाक्य बोलायचं. काउन्सेलला दोन वाक्यं सांगितली की त्याला दोन्ही कळत नाहीत.”

हायकोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून वाघळेसाहेब आम्हा दोघांना शिकवत होते. दोघं म्हणजे मी, अनुपमा चौगुले, मुक्काम पोस्ट गडहिंग्लज, आणि वसईचा नेव्हिल घोन्साल्विस. दोघांचेही काळे कोट नवे होते. माझ्या कोटाला तर अजून दुकानाचा वास येत होता.

“आणि सर, त्यांनी मागं वळून पाहिलंच नाही तर?” नेव्हिलनं विचारलं.

“वळून पाहत नाहीच तो. जजकडे पाठ कोण करील? तो फक्त कान मागे करतो. त्या कानात सांगायचं आणि गप्प बसायचं.”

मला हसू आलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा ते आपोआप गेलं.

हायकोर्टाच्या ज्या बाजूला खटले थेट दाखल होतात, तिथली रीतच तशी. जजसमोर उभा राहून बोलणार तो काउन्सेल, गाऊनवाला. खटला बांधणार, कागद जमवणार, पक्षकाराला धीर देणार तो सॉलिसिटर. सॉलिसिटरनं कोर्टात तोंड उघडायचं नाही. आपल्या काउन्सेलच्या पाठीमागं बसायचं, आणि ऐन युक्तिवादात काही सांगायची वेळ आलीच तर गाऊन ओढायचा. माझे बाबा गडहिंग्लजच्या कोर्टात बेलीफ होते. उभा जन्म वकिलांत गेलेला, पण सॉलिसिटर हा प्राणी त्यांनी कधी पाहिला नव्हता. “म्हंजे वकिलापेक्षा थोरला का धाकला?” त्यांनी मला एस.टी.त बसवून देताना विचारलं होतं. मी थोरला म्हणून ठोकून दिलं.

तर सॉलिसिटर व्हायचं तर कायद्याची पदवी पुरत नाही. एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षं आर्टिकल म्हणून राबायचं, मग त्यांची परीक्षा. आर्टिकलची जागाच मिळाली नाही तर सगळं मुसळ केरात. पूर्वी ह्या जागा ओळखीनं जायच्या. पार्टनरचा भाचा, मोठ्या पक्षकाराचा जावई, नाहीतर निदान एका पंगतीत जेवणारा कुणीतरी. आमच्यासारख्यांनी दारावरची पितळी पाटी वाचायची आणि पुढं जायचं. पण त्या वर्षी वारं फिरलं होतं. परदेशी कंपन्या देशात यायला लागल्या होत्या, करारमदार करायला फोर्टातल्या ऑफिसांना माणसं पुरेनात. मग आमच्या ‘वाघळे, दलाल अँड कंपनी’नं पहिल्यांदाच राज्यातल्या कॉलेजांच्या फळ्यांवर कागद लावले, अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या आणि शेवटी उरलेल्या दोघांना आठवडाभर राबवून बघायचं ठरवलं. जागा एकच होती, आणि ती वरची होती.

वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची, दलाल मॅडमच्या हाताखालची. तिथं गालिचा होता, एसी होता, कॉफी प्यायला जर्मन पाहुणे यायचे. खालचा मजला वाघळेसाहेबांचा. तिथं कोर्टाचं काम, फायलींच्या चवडी आणि कुरकुरणारा पंखा. खाली आर्टिकल म्हणून यायला गेली काही वर्षं कुणी तयारच नव्हतं, म्हणून साहेबांनी मागणंही सोडलं होतं. हॉस्टेलवरच्या पोरी मला रोज बजावायच्या, “लिटिगेशनला जाऊ नको गं बाई, ते आता म्हाताऱ्यांचं काम.” मलाही वरचीच जागा हवी होती. खोटं कशाला बोलू? गालिच्यावर चप्पल घालून चालायचं असतं की काढून, हे मी पहिल्या दिवशी नेव्हिलला विचारून घेतलं होतं.

तो आठवडा त्या दिवशी संपत होता. संध्याकाळी निकाल, आणि सोमवारी आर्टिकलची नोंदणी बंद. जागा मिळाली नाही तर गडहिंग्लजला किल्लेदार वकिलांच्या ऑफिसात एक खुर्ची माझी वाट बघत होतीच. बाबांनी त्यांना शब्द देऊन ठेवला होता. किल्लेदार वकील भले गृहस्थ, पण त्यांच्याकडं गेलेला ज्युनियर पुढं किल्लेदार वकिलांचा ज्युनियर म्हणूनच म्हातारा व्हायचा.

व्हरांड्यातल्या बाकावर आमच्या पक्षकार बसल्या होत्या. भागीरथीबाई नाखवा, उरणजवळच्या करंज्याच्या कोळीण. हिरवं लुगडं, नाकात ठसठशीत नथ, आणि आवाज असा की शिपाई दोनदा येऊन ‘हळू बोला’ म्हणून गेला होता. त्यांच्या मुलाची मासेमारीची बोट ‘बाल्टिक डॉन’ नावाच्या परदेशी मालवाहू जहाजानं बंदराच्या तोंडाशी धडकून बुडवली होती. मुलगा पाय मोडून इस्पितळात होता. जहाज बंदरात नांगर टाकून उभं होतं. ते उभं आहे तोवर कोर्टाला ते अटकवता येतं. एकदा समुद्रात गेलं की मालक कुठल्या देशात शोधायचा?

“जहाजाला अटक करतात?” मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“माणसापेक्षा सोपं,” साहेब म्हणाले होते. “ते खोटी छाती दुखवून घेत नाही.”

सकाळी प्रकरण पुकारलं, तेव्हा जहाजवाल्यांचे काउन्सेल तैलंग उभे राहिले. त्यांचं वजन फार मोठं. पांढरे केस, कपाळावर बारीक गंध, आवाज शांत. ते म्हणाले, “माय लॉर्ड, मला माझ्या पक्षकारांनी सांगितलंय की जहाज सोमवारपर्यंत इथंच आहे. एवढी घाई कशाला?” (हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी आपल्या भाषेत सांगते.) आमचे काउन्सेल मेढोरा. त्यांचेही केस पांढरे, आवाज मात्र तोफेचा. त्यांनी खूप गडगडाट केला, पण तैलंगांचा शब्द म्हणजे शब्द. जजसाहेबांनी जेवणानंतर ऐकतो म्हणून प्रकरण बाजूला ठेवलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सोमवार स्पष्ट दिसत होता.

बाहेर येऊन वाघळेसाहेबांनी कामं वाटली. त्यांचं स्वतःचं दुसऱ्या कोर्टात दुसरं प्रकरण चालू होतं. “घोन्साल्विस, तू मेढोरांच्या मागे बस. ते मागतील ते पुस्तक, मागतील तो कागद. चौगुले, तू पोर्टात जा. जहाज खरंच राहणार आहे का, बघून ये. भागीरथीबाईंना बरोबर घेऊन जा.”

म्हणजे नेव्हिल कोर्टात, काउन्सेलच्या पाठीमागं, आणि मी रस्त्यावर. मला तेव्हाच कळलं की वरची जागा कुणाला जाणार. पण रडत बसायला वेळ नव्हता. टॅक्सीत भागीरथीबाई माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी माझा हात जो धरला तो पोर्टापर्यंत सोडला नाही.

“तुजं लगीन झालंय का गो?”

“नाही.”

“मंग ह्यो काला कोट कशाला घातलास? एवरी गोरी पोर तू!”

पोर्टाच्या ऑफिसात दोन खिडक्यांवर मला जेवणाची सुट्टी झाली म्हणून सांगण्यात आलं. तिसऱ्या खिडकीवर भागीरथीबाईंनी जाळीतून आत पाहिलं आणि आतल्या माणसाला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. तो उरणचाच निघाला. त्यानं पायलटांची पाटी दाखवून सांगितलं, ‘बाल्टिक डॉन’नं सकाळीच पायलट मागवलाय, संध्याकाळच्या भरतीला. पायलट म्हणजे बंदरातली वाट दाखवणारा; उभं जहाज बाहेर काढायचं असेल तरच तो मागवतात.

“सोमवारपर्यंत आहे ना ते?” मी पुन्हा विचारलं.

“मॅडम, सोमवारपर्यंत ते कुठल्या कुठं असंल.”

भागीरथीबाई धक्क्याकडं धावल्या आणि जहाजाची शिडी वर गेलेली पाहून तशाच परत आल्या. “अगो पोरी, शिरी वर घेतली त्यानी! जानार तो! माजे पोराची होरी फोरून तो आता जानार!”

मी त्यांना टॅक्सीत ढकललं. ड्रायव्हरला काय सांगितलं आठवत नाही, पण तो सिग्नलला थांबला की भागीरथीबाई त्याच्या खांद्यावर चापट मारायच्या. हायकोर्टाचे जिने मी साडी हातात धरून चढले. दगडी जिना, गोल गोल, आणि खाली येणारे सगळे वकील बाजूला होत होते. छाती फुटेल की काय असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर आयुष्यात इतकी मजा मला कधी आली नव्हती. जगात ही बातमी फक्त माझ्याकडं होती!

कोर्टात शिरले तर आमचं प्रकरण चालू. गर्दी इतकी की पुढचं काही दिसेना. मी कोपरांनी वाट काढत काउन्सेलांच्या रांगेमागं पोचले. नेव्हिल कुठंच दिसेना! नंतर कळलं, मेढोरांनी त्याला कुठलं तरी पुस्तक आणायला लायब्ररीत पिटाळलं होतं. वर जजसाहेब म्हणत होते, “मि. तैलंग यांच्या विधानावर विसंबून हे प्रकरण सोमवारी...” आणि त्यांचा लघुलेखक खाली लिहीत होता.

सकाळी मेढोरा डावीकडं बसले होते. मी डावीकडं पाहिलं. पांढरे केस, काळा गाऊन, रुंद पाठ. मी खाली वाकले, मान खाली घातली, हात पुढं केला आणि गाऊन ओढला. बाही नाही, गाऊन. एकदाच. कान मागं आला, अगदी साहेबांनी सांगितला होता तसा.

“सर, जहाज आज संध्याकाळच्या भरतीला जातंय, त्यांनी सकाळीच पायलट मागवलाय, सोमवारचं सगळं खोटं आहे, मी पाटी बघून आले.”

एक वाक्य म्हटलं होतं, घाईत चार झाली. मी मान वर केली. आणि काउन्सेल मागं वळला. जजकडं पाठ करून, सबंध वळला. कपाळावर बारीक गंध होतं.

सकाळी बसलेल्या खुर्चीवर दुपारी कोण बसतो हे कुणी कुठं लिहून ठेवत नाही, हे मला त्या क्षणी कळलं. आमच्या पक्षकाराची ताजी, लपवून ठेवावी अशी बातमी मी विरुद्ध बाजूच्या काउन्सेलच्या कानात सांगून मोकळी झाले होते. आता ते आपल्या माणसाला खूण करणार, जहाज तासाभरात निघणार, आणि भागीरथीबाईंना मी काय तोंड दाखवू?

“तू कोणाची?” तैलंगांनी हळूच विचारलं.

“वा... वाघळेसाहेबांची,” मी म्हणाले.

ते माझ्याकडं पाहत राहिले. मग माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या सॉलिसिटरकडं वळले. तो चष्मेवाला गृहस्थ एकदम फाइल उलटायला लागला होता.

“पायलट मागवलाय?” तैलंगांनी त्याला विचारलं.

तो फाइल उलटत राहिला.

“मी तुम्हाला काही विचारतोय.”

“सर, सोमवारचं मला पक्षकारांनीच... म्हणजे तसं काही नक्की...”

तैलंग उठून उभे राहिले. जजसाहेब बोलता बोलता थांबले.

“माय लॉर्ड, क्षमा असावी. सकाळी मी केलेलं विधान मला मागे घ्यायचं आहे.”

जजसाहेब म्हणाले, “मागे? म्हणजे जहाज जाणार आहे?”

“मी एवढंच म्हणू शकतो, माय लॉर्ड, की ते राहील असं मी आता म्हणू शकत नाही.”

उजव्या टोकाला मेढोरा अर्धवट उठले होते. काय चाललंय ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. “मि. मेढोरा, तुम्हाला आणखी काही म्हणायचंय?” जजसाहेबांनी विचारलं. मेढोरांनी एकदा तैलंगांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं, आणि मोठ्या शहाणपणानं म्हणाले, “काही नाही, माय लॉर्ड,” आणि बसले. तिथल्या तिथं अटकेचा हुकूम झाला.

दारात नेव्हिल जाडं पुस्तक छातीशी धरून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

“चौगुले, तू तैलंगांचा गाऊन ओढलास?”

“हो.”

“मुद्दाम?”

“वेडा आहेस का! मला वाटलं मेढोरा!”

नेव्हिलनं तोंडावर पुस्तक धरलं. तो हसत होता की घाबरला होता, मला बघायला वेळ नव्हता. हुकमाची सही-शिक्क्याची प्रत घ्यायची, ती हुकूम बजावणाऱ्या शेरीफच्या ऑफिसात द्यायची, बेलीफ गाठायचा, लाँच गाठायची. नेव्हिल एक प्रत घेऊन पोर्टाकडं पळाला. मी, भागीरथीबाई आणि शेरीफचे बेलीफ पेडणेकर भाऊच्या धक्क्याकडं. पेडणेकरांच्या पिशवीत हुकूम, डिंकाची बाटली आणि एक ब्रश. जहाजाला अटक करायची म्हणजे त्याच्या डोलकाठीवर हुकूम चिकटवायचा, अशी त्यांची जुनी रीत.

मी त्याआधी नावेत पाऊल ठेवलं नव्हतं. हिरण्यकेशीच्या काठची पोर मी, आमची नदी उन्हाळ्यात चालत ओलांडता येते. लाँच हेलकावे खायला लागली तशी मी भागीरथीबाईंच्या लुगड्याचा काष्टाच धरला. त्या मात्र पुढं उभ्या राहून कोकलत होत्या. समोर ते जहाज, तीन मजली इमारतीएवढं, आणि त्याची नांगराची साखळी खडखडत वर येत होती!

“थांबव! कोर्टाचा हुकूम हाय!” पेडणेकर ओरडले. वरून दोन गोरे चेहरे खाली डोकावले आणि नाहीसे झाले. पेडणेकरांनी हुकूम डोक्यावर धरून फडकवला. भागीरथीबाईंनी मग कप्तानाच्या सात पिढ्यांचा उद्धार कोळी बोलीत केला. कप्तान कुठल्या देशाचा होता देव जाणे, पण त्याला ते समजलं असावं, कारण शिडी खाली आली.

आम्ही वर चढलो. पेडणेकरांनी ब्रश काढला, डोलकाठीवर डिंक फासला, कागद लावला आणि तळहातानं वरून खाली नीट दाबला. बाबा खेड्यापाड्यांत दारांवर नोटिसा चिकटवायचे तेव्हा अगदी असंच दाबायचे. मला एकदम भडभडून आलं. कप्तान कपाळाला हात लावून उभा होता. त्यानं काहीतरी हुकूम सोडला, आणि साखळी पुन्हा खाली जायला लागली, धडधडधड करत, पाण्यात. भागीरथीबाईंनी जहाजाच्या कठड्यावर एक थाप मारली. “आता बस हितंच, मेल्या!”

ऑफिसात परतले तेव्हा दिवे लागले होते. केसांत मीठ, पदराला डिंक. वर दलाल मॅडमच्या केबिनमध्ये वाघळेसाहेब खिडकीपाशी उभे होते आणि नेव्हिल खुर्चीच्या काठावर बसला होता. मॅडम मला पाहून चक्क उठल्या.

“ये! ब्रिलियंट! मला नेव्हिलनं सगळं सांगितलं. विरुद्ध काउन्सेलच्याच कानात जाऊन सांगायचं! तैलंगांसारखा माणूस ते ऐकल्यावर आपलं विधान तसंच ठेवणार नाही, हे तुला बरोबर कळलं. मेढोरांनी आरोप केला असता तर तैलंगांच्या सॉलिसिटरनं नाही म्हटलं असतं आणि प्रकरण सोमवारवर गेलं असतं. इतकं डोकं आजकालच्या मुलांत नसतं. वाघळे, माझं ठरलं. वरची जागा हिची.”

मी नेव्हिलकडं पाहिलं. त्यानं हळूच डोळा मिचकावला. त्या पठ्ठ्यानं स्वतःची जागा पणाला लावून माझ्यासाठी थाप मारली होती. गालिचा माझ्या पायाखाली होता. किल्लेदार वकिलांची खुर्ची कुठल्या कुठं गेली. मला वाटलं, आत्ता धावत खाली जाऊन बाबांना ट्रंककॉल लावावा.

“चौगुले,” वाघळेसाहेब खिडकीतूनच म्हणाले. “हे तू ठरवून केलंस?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मॅडम हसत होत्या, नेव्हिल मान हलवत होता. मी तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं.

“नाही सर. चूक झाली. मला वाटलं ते मेढोरा आहेत. पाठमोरे दोघं सारखेच दिसतात.”

मॅडमचं हसू ओसरायला थोडा वेळ लागला. “म्हणजे आपल्या पक्षकाराची माहिती तू चुकून विरुद्ध बाजूला दिलीस?”

“हो.”

“आणि उद्या माझ्या टेबलावरचा करार चुकून कोणाला दिलास तर?” त्या रागावल्या नव्हत्या. तेच वाईट होतं. “सॉरी, अनुपमा. नशिबानं निभावलं म्हणून मी तुला वर घेऊ शकत नाही. नेव्हिल, जागा तुझी.”

नेव्हिल ताडकन उठला. “मॅडम, पण ती...”

“बस तू,” वाघळेसाहेब म्हणाले. मग माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. “तैलंगांचं चेंबर ठाऊक आहे? तिथं जा. आत्ता इथं जे बोललीस, तेच त्यांना सांग. त्यापेक्षा एक शब्द जास्त नको.”

मी निघाले. रस्ताभर रडत गेले, उगाच लपवत नाही. जागा गेली ती गेली, वर विरुद्ध बाजूच्या दारात जाऊन नाक घासायचं! आणि गंमत अशी की रडता रडता मधेच ती साखळी खाली जातानाचा आवाज कानात घुमायचा आणि अंगावर काटा यायचा. असं दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

तैलंगांच्या चेंबरमध्ये तीन ज्युनियर पुस्तकं उघडून बसले होते. मला पाहताच तैलंगांनी त्यांना बाहेर पाठवलं.

“वाघळेनं पाठवलं?” आवाज तोच शांत, पण आता त्याला धार होती. “कशाला? शाबासकी घ्यायला?”

“नाही सर. सांगायला. चूक झाली. मला वाटलं तुम्ही मेढोरा आहात. पाठमोरे दोघं सारखेच दिसता.”

टेबलावरचा पेपरवेट त्यांनी एकदा फिरवला.

“मी आणि मेढोरा. सारखे.”

“पाठमोरे, सर.”

“म्हणजे वाघळेनं तुला शिकवून पाठवलं नव्हतं?”

“त्यांनी फक्त गाऊन कसा ओढायचा ते शिकवलं होतं. कुणाचा ते...” मला पुन्हा हुंदका आला. “ते मीच बघायचं होतं.”

तैलंग खुर्चीत मागं टेकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सुटताना मला दिसला. “मुली, माझ्या बाजूनं मला खोटं सांगितलं. ते होतं, पक्षकार सांगतात. ते प्रकरण मी उद्या परत करीन. पण दुपारपासून मला दुसरंच खात होतं. वाघळे आणि मी, आमची सबंध हयात एकमेकांविरुद्ध गेली. आणि हा तैलंग खोटं सहन करणार नाही, तेव्हा त्याच्याच कानात नेऊन घाला, असा डाव त्या माणसानं माझ्यावर टाकावा? माझ्या प्रामाणिकपणाचा सापळा करावा? मला दुपारचा चहासुद्धा गेला नाही.”

त्यांनी फोन पुढं ओढला आणि नंबर फिरवला. आकडे बघायची त्यांना गरज पडली नाही.

“वाघळे? तैलंग. पोरगी आलीय... हो, सांगितलं... विश्वास? अरे, हिचं तोंड बघ एकदा. इतकं रडून कोणी खोटं बोलतं का?... नाही, आता नाही राग. मघापर्यंत होता... काय?” ते एकदम हसले. “तूच विचार ना तिला!... बरं, बरं, विचारतो.”

त्यांनी फोन छातीशी धरला.

“तो म्हणतो, तू ठरवून केलं असतंस तर तो तुला उंबऱ्याबाहेर काढणार होता. चूक करणाऱ्याला शिकवता येतं म्हणतो. त्याच्याकडे खाली एक जागा आहे. बरीच वर्षं रिकामी आहे, कोणी येतच नाही. एसी नाही, कॉफी नाही, पंखा आवाज करतो. उन्हातान्हात पळावं लागेल, आणि जहाजं काही रोज मिळणार नाहीत. सोमवारी सकाळी नोंदणीला तुझं नाव देऊ का, विचारतोय.”

मी ‘हो’ म्हणाले असं मला वाटलं. प्रत्यक्षात मी ओरडले असणार, कारण दार उघडून तिन्ही ज्युनियर आत बघायला लागले.

“ऐकलंस ना?” तैलंग फोनमध्ये म्हणाले, आणि फोन खाली ठेवला. मग त्यांनी समोरची खुर्ची माझ्यासाठी पुढं केली आणि ज्युनियरला चहा सांगितला.

“बस,” ते म्हणाले. “चहा घे. आता तू रीतसर माझ्या विरुद्ध आहेस.”